तुझ्या वाट्याचा रोट

उत्तम, वाद अर्धा टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. चुलीपाशी बसून बोलता बोलता हरायची वेळ आली की तू म्हणायचास, "वहिनी, बैलेस्ले पानी दावनं शे," आणि चालू लागायचास. बैलांना पाणी दाखवून केव्हाच झालेलं असायचं. मला ते ठाऊक असायचं, आणि मला ठाऊक आहे हे तुला ठाऊक असायचं. या वेळी मात्र तेवढंही निमित्त न सांगता गेलास. ताप छातीत उतरला, श्वास लागला, आणि मी काढा घेऊन आले तोवर तुझे दादा उंबऱ्यात बसले होते, तोंडाला उपरणं लावून. काढ्याचं भांडं मी किती वेळ हातात धरून उभी होते कोण जाणे.

दिवसकार्य आवरलं. सोयरे आपापल्या गावी गेले. खळ्यात तू पसरून ठेवलेली मिरची तशीच आहे. आता ती चांगली वाळली आहे, आणि तिच्या खाटाने येणारा-जाणारा खोकतो आहे. त्यामुळे घरात कोण रडतं आहे आणि कोणाचे डोळे मिरचीने भरले आहेत, हे कोणालाच कळत नाही. मला ते बरंच पडलं.

शाळेतल्या भाषेत लिहिते आहे म्हणून हसू नकोस. माझे वडील नंदुरबारला मास्तर होते. त्यांनी लेकीच्या हातात लेखणी दिली आणि मग लेक रनाळ्याच्या शेतकऱ्याच्या घरात दिली. "वहिनी लिखाले बठनी का मामलेदारीन दिखस," असं तू म्हणायचास. चारचौघांत मी तुला भाऊ म्हणायची, चुलीपाशी नुसता उत्तम. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू माझ्या खांद्याएवढा होतास आणि माझ्या माहेरच्या डब्यातले लाडू चोरताना पहिल्याच आठवड्यात सापडला होतास. सापडल्यावर एक लाडू मलाच देऊन म्हणालास, कोणाला सांगू नको. त्या दिवसापासून आपली गट्टी झाली.

तू कोण, कुठला, किती एकर केलंस, हे गावाला माहीत आहे. ते मी लिहिणार नाही. मला आपला वाद पुरा करायचा आहे.

वाद चांद्यापासून सुरू होतो. कपाळावर पांढरा ठिपका असलेला तो गोऱ्हा तू स्वतः शिकवलास, त्याच्या खांद्यावर पहिलं जू तूच ठेवलंस. त्या श्रावणात आपल्या घरी कानबाई देवी बसली होती. कानबाईच्या रोटाचे नियम तुझ्या मायने मला पहिल्याच वर्षी पाठ करायला लावले होते. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने गहू मोजायचे, एकेकाला सवा मूठ. त्या गव्हाच्या पिठाचे, गुळाचे रोट करायचे. ते खायचे फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी. बाहेरच्या माणसाच्या तोंडात कण जाता कामा नये, आणि पुनवेच्या आत सगळे संपले पाहिजेत. खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा वाटेवर टाकायचं नाही, खड्डा करून त्यात ओतायचं. इतकं कडक सोवळं, आणि सतरा वर्षांचा तू गोठ्यात उभा राहून अर्धा रोट चांद्याला भरवत होतास. मायने पाहिलं आणि तिच्या हातातली घागर खाली आली.

तू काय बोललास ते मला शब्दाला शब्द आठवतं. "माय, वावरमा आमनापेक्षा तोच जास्त राबस. त्यानी सवा मूठ कोनी मोजी?"

 तुझे दादा तोंड फिरवून हसले. मी तर पदरात तोंड खुपसलं. माय मात्र देवीपुढे जाऊन बसली आणि नाक घासून माफी मागत राहिली. पुढे वर्ष-दोन वर्षांत तुझं पोट बिघडलं, आणि मायच्या मनात हिशेब पक्का बसला. "बैलना पोटमा देवीना रोट गया, म्हनीसन यानं पोट बिघडनं." येणाऱ्या प्रत्येक बाईला ती हे सांगायची, आणि तू आत भिंतीला टेकून ऐकायचास.

तुझ्या त्या दिवसांची आठवण काढली की मला अजून हसू येतं. गावाबाहेरची एकूण एक बाभळ तुला ओळखत होती. औत धरलं की आधी तू बांध बघायचास, आडोसा कुठे आहे ते. लग्नाला जायचं तर मांडवाच्या टोकाला बसायचास, लोटा हाताशी ठेवून. पुढे रक्त पडायला लागलं तेव्हा तू ते कोणाला सांगितलं नाहीस. धोतरं स्वतः नदीवर नेऊन धुवायला लागलास, तेव्हा मला कळलं. पाटलाच्या घरचा पोरगा आणि धोतर धुतो, हे काही साधं नव्हतं. मी विचारलं तर म्हणालास, "वहिनी, तुले कामं थोडी शेत का?"

वैद्यबुवांनी संग्रहणी सांगितली. पर्पटी दिली, ताकावर ठेवलं. ताकाने तुला उतार पडायचा, खोटं कशाला बोलू. चार-सहा महिने तू माणसात यायचास, गालावर मांस दिसायचं. आणि मग श्रावण यायचा. रोट यायचे. भरड गव्हाचे, गुळाचे, जाड, सोबत गंगाफळाची भाजी आणि चण्याची डाळ, आणि ते दिवस घरात दुसरं काही शिजायचं नाही. तू आपला वाटा पुरा खायचास. खाल्लाच पाहिजे, असं मायचं म्हणणं होतं. अर्ध्या रोटाचा अपराध पुऱ्या रोटाने फिटेल. वर्षानुवर्षं आपण तुला तुझ्या आजाराचं खाणं देवीचा प्रसाद म्हणून वाढत होतो, आणि भाद्रपदात तू खाटेला लागलास की पुन्हा म्हणत होतो, बघा, देवी अजून शांत झाली नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी असं काही होतं का ते मला माहीत नाही. आपल्या घरी झालं.

तुझे दादा तुला पहिल्यांदा सुरतेला घेऊन गेले, तो फाल्गुन होता. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक म्हातारे पारशी डॉक्टर होते. आल्यावर तू त्यांची नक्कल करून दाखवलीस, पोटावर बोटं वाजवण्यापासून चष्मा पुसण्यापर्यंत. मोठ्या आतड्यात आतून व्रण पडले आहेत, औषधाने ते भरत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. बारीक आतड्याचं तोंड पोटावर आणायचं, म्हणजे खालच्या आतड्याला विसावा मिळेल. शौचाची वाट मग कायमची पोटावरून. आणि हे लवकर करायचं. ते काय म्हणाले ते तू गुजरातीतच सांगितलंस. "चालतो आवजे, भाई. खाटला पर आवीश तो हुं शुं करीश?" चालत ये बाबा, खाटेवर घालून आणलं तर मी काय करणार.

तू हे हसत हसत सांगितलंस आणि मग हसायचा थांबलास. मी म्हणाले, मग कधी जायचं? तू म्हणालास, बैलांना पाणी दाखवायचं आहे.

पुढची दोन वर्षं मी तुझ्या मागे लागले होते आणि तू माझ्या पुढे पळत होतास. बरं वाटत असलं की म्हणायचास, "आते बरं शे, आते कसाले?" बिघडलं की म्हणायचास, "आते जीव नही शे, आते कसं?" मी म्हणायची, अरे, मग मधला दिवस कोणता तो तरी सांग, त्या दिवशी गाडी जुंपायला सांगते. तू म्हणायचास, आधी मिरची निघू दे. मग चुलत बहिणीचं लग्न होऊ दे. मग गोठा शाकारून होऊ दे. आणि या सगळ्या निमित्तांच्या वर एक मोठं निमित्त होतं, ज्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. एवढा एक रोट खाऊ दे. या वर्षी देवी प्रसन्न झाली तर कापायची गरजच पडणार नाही.

इथेच आपला वाद. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास, "मी मायनासाठे थांबनू." मी म्हणत राहिले, "तू भ्यायना. मायनं नाव नको सांगू." सुरीला भिणं काही पाप नाही रे. पोटावर तोंड घेऊन जगायचं, माणसांत बसायचं, कोण आपल्या शेजारी पंगतीला बसेल, कोण पोरगी देईल, या सगळ्याला माणूस भिणारच. मी भ्याले असते. पण तू ते मान्य करायचा नाहीस. मायच्या जिवाला लागेल म्हणून थांबलो, असंच म्हणायचास, आणि ते इतक्या भोळेपणाने म्हणायचास की मला भाकरी थापता थापता तुझ्या अंगावर पीठ फेकावंसं वाटायचं. एकदा फेकलंही.

तो श्रावण आठव. तू भिंत धरून चालायला लागला होतास. अंगावर कातडी आणि हाडं, डोळे मोठे झालेले. कानबाईच्या आधी माय ओसरीत गहू मोजायला बसली. पुढे सूप, बाजूला पोतं, मी निवडायला. तू खांबाला टेकून बसला होतास. मायने एकेक नाव घेतलं, एकेक सवा मूठ सुपात पडली. तुझं नाव आलं. तिने मूठ भरली, वरची पाव मूठ टाकली, आणि माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत सासूसमोर मी आवाज चढवला नव्हता. मी म्हणाले, "याना नावना गहू दळू नका. हाऊ रोट याना जीव ली."

 तूच माझ्यावर खेकसलास, गप बस म्हणालास. देवीचं नाव घेतलेलं धान्य आहे, काय बोलतेस. बोलताना तुला धाप लागली आणि तू बोलायचा थांबलास. त्या थांबण्यात मायने तुझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, कितीतरी महिन्यांत तिने तुझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. ती तुझ्या आजाराकडे पाहत असे.

तिने सूप खाली ठेवलं.

"धान मोजायी गयं," ती म्हणाली. "देवीनं नाव लिधं, आते मांगे लेवानं नही. पन तुन्हा वाटाना रोट मी खासू. तू सुरतले जाय. चालता शे तवर जाय."

तू म्हणालास, "माय, तुले दात कोठे शेत?"

"दूधमा बुडाईसन खासू. दात नही शेत, घसा ते शे."

नियमात हे कुठे बसत होतं, मला माहीत नाही. माणसाचा वाटा माणसाच्या नावाचा. पण घरातल्याच तोंडात जाणार होता, पुनवेच्या आत संपणार होता. मायने देवीचा एकही नियम न मोडता तुला सोडवलं. मी मास्तरची मुलगी, दोन वर्षं डॉक्टरचे दाखले देत होते. मला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. तुझे दादा सोबत. जुवाला चांद्या होता, त्याच्या शिंगांना तूच हात लावून पाहिलास. रोट तळल्याचा वास गल्लीभर सुटला होता, आणि तू त्या वासातून बाहेर पडलास, पायांनी चालत, दोन्ही हातांनी गाडीचा दांडा धरून चढलास. मला जवळ बोलावून म्हणालास, "मायकडे ध्यान ठेव. जिद्दमा समदा खाई जाई." मी म्हणाले, तू तुझ्या पोटाचं बघ. गाडी स्टेशनाच्या वाटेला लागेपर्यंत माय ओट्यावर उभी होती. मग आत गेली आणि परातीत दूध ओतलं.

तू परत आलास तो मिरची लाल व्हायच्या वेळी. वाळलेला होतास, पण रंग बदलला होता. पोटाला पट्टा, पट्ट्याला रबराची पिशवी. पहिले दिवस तू अंगरखा दोन्ही हातांनी धरून बसायचास. भोवतालची कातडी सोलपटून निघाली होती, मी जस्ताचं मलम लावायची आणि तू छताकडे बघायचास. एकदा म्हणालास, वहिनी, तुझ्यापुढे असं पडायचं माझ्या नशिबात होतं. मी म्हणाले, लाडू चोरलेस त्याची ही फेड. तू हसलास आणि पोट हललं आणि मलम माझ्या नाकाला लागलं. त्यानंतर तू लाजला नाहीस.

आपल्या उन्हात ते रबर तडकायचं. मग आपण दोघांनी मिळून पट्टा शिवला, कापसाच्या जिनातल्या मोटारीच्या जुन्या ट्यूबची पिशवी केली, आत मऊ लुगड्याच्या घड्या. पहिली गळली, दुसरी गळली, तिसरी टिकली. मीठ घातलेली पेज, ताक, मऊ भात; घाम आला की तुझ्या अंगातलं मीठ जातं हे आपल्याला फार दिवसांनी कळलं. आणि पोटावरच्या त्या तोंडाला तू नाव ठेवलंस, जवाई. वेळी-अवेळी बोलतो, मागेल ते द्यावं लागतं, आणि रागवायची सोय नाही. भर पंगतीत पोट गुरगुरलं की तू शेजाऱ्याला शांतपणे सांगायचास, "जवाई बोली ऱ्हायना." शेजारी हसायचा, आणि जवळ सरकून बसायचा. ज्या गोष्टीला तू दोन वर्षं भीत होतास, ती अशी एका शब्दात निवली. लग्न मात्र केलं नाहीस. मी दोन स्थळं आणली, तू दोन्ही वेळा बैलांना पाणी दाखवायला गेलास.

पुढच्या श्रावणात एका भाऊबंदाने विषय काढलाच, की पोटावर असलं काही घेऊन हा कानबाईपुढे कसा बसणार.  मायने पहिलं पान तुझं मांडलं. रोटाचा तुकडा तिने स्वतः दुधात कालवला आणि तुझ्या पानात वाढला, तेवढाच, चमच्यापुरता. बाकीचा वाटा पुन्हा स्वतःच्या पानात. देवीला हे चाललं. नंतरच्या वर्षी माय गेली.

मग माणसं यायला लागली. तुझी गोष्ट कशी कुठे पोचायची देव जाणे. खापर गावाहून एक माणूस बैलगाडीतून आला होता, आठवतो? लांबची वाट, मध्ये मुक्काम करत आला, पोट धरून. भावाने त्याला आधार देऊन उतरवला. त्याने तुला विचारलं, कापून घेऊ का? तू हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस. तू अंगरखा वर केलास, त्याला सगळं नीट पाहू दिलंस, पट्टा सोडून पुन्हा बांधून दाखवलास. मग विचारलंस, "तुन्हा रोट कोनता शे, ते सांग पहिले."

त्याला कळलं नाही. तू समजावून दिलंस. तू कशासाठी थांबला आहेस, ते सांग. प्रत्येकाचा काहीतरी असतो. त्या माणसाने सांगितलं की घर बांधायला काढलं आहे, छप्पर पडलं की जाईन. तू म्हणालास, छप्पर भाऊ टाकील. तू चालता आहेस तोवर जा. तो गेला की नाही ते आपल्याला कळलं नाही. पण उतरताना भावाचा आधार घेतलेला तो माणूस परत गाडीत चढला तो आपला आपण. तू ते पाहिलंस आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. फुशारकी तर तुझ्यात होतीच.

असं तू दुसऱ्यांना समजावायचास आणि माझ्याशी वाद घालायचं सोडायचा नाहीस. मी म्हणायची, खापरवाल्याचं छप्पर निमित्त, आणि तुझा रोट मात्र मायची भक्ती? तू म्हणायचास, माझं वेगळं. मी म्हणायची, काडीचं वेगळं नाही. तू म्हणायचास, वहिनी, तुला माय कळली नाही. आणि मग बैलांना पाणी.

पण एक गोष्ट तुला आतून खात होती, आणि ती तू मला एकदाच बोलून दाखवलीस, या शेवटच्या तापात. मी कपाळावर ओली घडी बदलत होते. तू डोळे न उघडता विचारलंस, "वहिनी, मायनी माले माफ करं व्हई का?"

मला आधी कळलंच नाही. आजार तुला झाला, कातडी तुझी फाटली, तरुणपण तुझं गेलं, आणि माफी कसली मागतोस? मग लक्षात आलं. तू सुरतेच्या डॉक्टरची नक्कल करायचास, आतड्यातले व्रण लोकांना समजावून सांगायचास, पण मनाच्या तळाशी तू अजून गोठ्यात उभा होतास, हातात अर्धा रोट घेऊन. माय जाईपर्यंत त्याबद्दल तुला माफीचा एक शब्द बोलली नव्हती. तुझ्या वाट्याचा रोट खाल्ला, पण तू निर्दोष आहेस असं काही म्हणाली नाही. मी तुला सांगणार होते. "थांब, सांगते," एवढं म्हणालेही. पण तू ग्लानीत गेलास, आणि मी काढा उकळायला उठले.

तर आता ऐक. आता तुला कुठे उठून जायचं नाही.

तू सुरतेला होतास. मायने तुझा वाटा खायला घेतला होता. दूध तापवायचं, रोट कुस्करून टाकायचा, आणि चमच्याने गिळायचा. जबडा दुखायचा, पोट फुगायचं. मी म्हणाले, मी थोडा खाते, मीही घरचीच आहे. तिने माझा हात बाजूला केला. पुनव जवळ आली तेव्हा एक तुकडा उरला होता, तळहाताएवढा. त्याच दिवशी भर दुपारी तुझे दादा सुरतेहून आले. माणूस एकटा परत आलेला पाहून शेजारच्या बायांनी पदर तोंडाला लावले. दादा अंगणातूनच म्हणाले, "ठीक शे. कापं. बोली ऱ्हायना, पानी मांगी ऱ्हायना."

मी रडले. माय रडली नाही. ती आत गेली, तो उरलेला तुकडा घेतला आणि मागच्या दाराने निघाली. मला वाटलं चक्कर येऊन पडेल, म्हणून मी मागे गेले. ती गोठ्यात गेली. चांद्यापुढे उभी राहिली. आणि उत्तम, तुझ्या मायने, जिने मला हात धुतलेलं पाणीही वाटेवर टाकू दिलं नाही, तिने कानबाईच्या रोटाचा तो तुकडा त्या बैलाच्या तोंडात दिला. त्याच्या कपाळावरच्या ठिपक्यावर हात ठेवला.

"खाय रे बाबा," ती म्हणाली. "तुन्हा काही गुन्हा नव्हता. त्याना बी नव्हता. भेव मन्हं व्हतं. नाव कानबाईनं लिधं मी."

मग ती वळली, आणि मी दिसले. लुगड्याने तोंड पुसलं आणि देवीची आण घालून नेहमीच्या आवाजात मला बजावलं, "त्याले सांगू नको. सांगं ते पुढला साल अर्धा रोट बैलेस्ना पोटमा जाई."

मी देवीची आण घेतली होती, म्हणून बोलले नाही. आणि दुसरंही एक आहे. हे सांगितलं असतं तर वाद तू जिंकला असतास. तू खरंच मायसाठी थांबला होतास. तिचं भेव तुला दिसत होतं, मला दिसत नव्हतं. तुझ्या पोटावर सुरी चालणार या कल्पनेने ती आतून थरथरत होती, आणि ते तू ओळखून होतास. मला वाटत होतं, तू तिच्या पदराआड लपला आहेस. तू तिच्यापुढे उभा होतास. आता आण मोडली. मायला भेटशील तेव्हा माझी चुगली केलीस तरी चालेल. वाद तुझा.

पण भांडायला आता घरात कोण आहे? दादा माझं सगळं ऐकून घेतात, त्यात काही मजा नाही.

चांद्या आता म्हातारा झाला आहे. जुवाला लावत नाही, नुसता बसतो. तू गेलास त्या दिवसापासून वैरणीला धड तोंड लावत नव्हता, काल थोडा कडबा खाल्ला. पुढच्या श्रावणात गहू मोजायला मीच बसेन. माय गेल्यापासून ते माझ्याकडेच आहे. तुझं नाव घेता येणार नाही, मेलेल्या माणसाच्या नावाने गहू मोजत नाहीत. पण एकेक नाव घेऊन झाल्यावर मी आणखी एक सवा मूठ भरणार आहे आणि चांद्याचं नाव घेणार आहे. तू सतरा वर्षांचा असताना विचारलं होतंस, त्याची कोणी मोजली. मी मोजीन.

भाऊबंद गप्प बसणार नाहीत. एखादा म्हणेल, हे नियमात कुठे बसतं. त्याला काय सांगायचं तेही मी ठरवून ठेवलं आहे. सूप खाली ठेवीन, उठेन, आणि म्हणेन, "बैलेस्ले पानी दावनं शे."